आधी अनोळखी हात, मग जाहिरात

ताई,

माझं वय ४३. एका कचेरीत हिशेबाचं काम करते. आई ७१ वर्षांची आहे, बोटांना संधिवात. घट्ट झाकण उघडायचं म्हटलं की ती माझी वाट बघत बसते, आणि मी घरी नसले तर बरणी तशीच राहते. म्हणून ड्रॉइंगची कामं करणाऱ्या एका मैत्रिणीच्या मदतीने मी एक पकड तयार केली. झाकणाभोवती रबरी पट्टा बसतो, त्याला लांब दांडा आहे. तळहाताने दांडा ढकलला की पट्टा आपोआप आवळतो, बोटांनी चिमटीत धरावं लागत नाही. तीन वर्षांत चार मॉडेल झाली. चौथ्याचे ४० पीस थ्रीडी प्रिंट करून घेतले. त्यातले १२ नातेवाइकांना आणि ऑफिसमधल्यांना दिले. सगळे म्हणाले, "फारच छान, बाजारात आण." आई मात्र अजून दुसरंच मॉडेल वापरते, तिला त्याची सवय झाली आहे.

हातात उरलेले पैसे दोन महिन्यांच्या घरखर्चाएवढे. भाचा म्हणतो, एखाद्या प्रसिद्ध चेहऱ्याकडून व्हिडिओ करून घेऊ आणि हॉल घेऊन झोकात लाँच करू. मैत्रीण म्हणते, कर्ज काढून मोल्ड, म्हणजे कारखान्यातला पोलादी साचा, बनवू, हजार पीस काढले की एकेक स्वस्त पडेल. नवरा म्हणतो, उशीर केलास तर कोणीतरी नक्कल करेल. मला रात्री झोप लागत नाही. आधी काय करू? आणि नोकरी न सोडता हे होईल का?

बरणीपाशी अडलेली

प्रिय मैत्रिणी,

आधी झोपेचं बघू, कारण न झोपलेल्या माणसाचे पैशाचे निर्णय हमखास चुकतात. नोकरी सोडू नका. दर महिन्याला येणारा पगार हे तुमचं सगळ्यात भक्कम भांडवल आहे. ते व्याज मागत नाही आणि घाईही करत नाही. पुढच्या सहा महिन्यांत जे करायचं आहे ते संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी होण्यासारखं आहे. उरलेल्या पैशांचे दोन भाग करा. एक भाग बाजूला काढा आणि तो नाहीच असं समजा. घरात म्हातारं माणूस आहे, तो कधीही लागेल. दुसऱ्या भागात ही पकड बाजारात न्यायची. त्यात बसत नाही ते सध्या करायचं नाही. हॉल, प्रसिद्ध चेहरा आणि हजार पीस या तिन्हींना आज नाही म्हणा. भाच्याचं मन मोडू नका, त्याच्यासाठी माझ्याकडे दुसरं काम आहे, ते पुढे सांगते.

व्हिडिओला आणि जाहिरातीला आत्ता नाही का म्हणते, त्याचा हिशेब तुम्हालाच पटेल, कारण हिशेब तुमचा पेशाच आहे. जाहिरात बघून शंभर जणांनी तुमच्या पानावर क्लिक केलं, तर त्यातले एक-दोन जण विकत घेतात. अनोळखी नावाच्या नव्या वस्तूला एवढं जमलं तरी चांगलं म्हणायचं. म्हणजे एक पकड विकायला पन्नास ते शंभर क्लिकचे पैसे मोजायचे. एका पकडीमागे तुमच्या हाती जे सुटतं, ते त्याहून जास्त आहे का? थ्रीडी प्रिंटच्या पीसवर ते नक्कीच नाही. तोटा जेवढा जास्त विकाल तेवढा वाढत जाईल. शिवाय जाहिरातीतून न घेतलेल्या अठ्ठ्याण्णव जणांनी का घेतलं नाही, हे तुम्हाला कोणीच सांगणार नाही. पैसेही गेले आणि कळलंही काही नाही. माझ्या मते थोड्या पैशांत वस्तू आणणाऱ्याला यातलं दुसरं नुकसान जास्त जड जातं.

हॉलचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. माझं पहिलं उत्पादन होतं मांडीवर ठेवून वाचायचा कलता स्टँड. लाकडी फळी, खाली उशी, आणि पान धरून ठेवायला उजव्या कडेला एक क्लिप. मी समारंभ केला. ऐंशी माणसं आली, भाषणं झाली, फोटो निघाले. त्या दिवशी पाच स्टँड विकले गेले, त्यातले चार नात्यातल्या लोकांनी घेतले. त्याच्या आधी मी आणखी एक चूक करून बसले होते. क्लिपच्या जागी बरोबर खिडकी कापलेले हजार खोके छापून घेतले होते, कारण हजार छापले की एकेक स्वस्त पडत होता. तुमची मैत्रीण म्हणते अगदी तसंच.

समारंभानंतर काही दिवसांनी एका वाचनालयाची परवानगी घेऊन मी एक स्टँड तिथल्या टेबलावर ठेवला आणि जरा लांब जाऊन बसले. एक गृहस्थ आले. त्यांनी स्टँड उचलला, मांडीवर घेतला, पुस्तक ठेवलं आणि पान उलटायला डावा हात पुढे केला. मग उजव्या कडेची क्लिप सोडवायला तोच डावा हात पुस्तकावरून पलीकडे नेला. पुस्तक घसरलं. त्यांनी पुन्हा बसवलं. तिसऱ्या पानाला त्यांनी संपूर्ण स्टँड उलटा फिरवला, म्हणजे क्लिप डावीकडे आली, पण आता फळीचा उतार त्यांच्यापासून दूर जात होता. पुस्तक हाताने धरून ते तसेच वाचत राहिले. दहा मिनिटांनी त्यांनी स्टँड बाजूला ठेवला आणि नेहमीसारखं टेबलावर वाचायला लागले. मी जाऊन विचारलं, कसा वाटला? ते म्हणाले, "छान आहे." ते डावखुरे होते. क्लिप दोन्हीकडे सरकणारी हवी, हे मला त्या दहा मिनिटांत कळलं. क्लिप सरकती केली आणि हजारही खोके रद्दीत गेले.

हे एवढं सविस्तर सांगितलं ते त्या "छान आहे" साठी. तुमच्या बारा जणांनीही तेच म्हटलं आहे. ती माणसं खोटं बोलत नाहीत, तुमच्यावरची माया बोलते. पण मायेने म्हटलेलं छान आणि खिशातून पैसे काढून म्हटलेलं छान यात फार अंतर असतं. तुमच्याकडे अजून २८ पीस शिल्लक आहेत. माझ्या दृष्टीने तुमची खरी पुंजी ती आहे. हे अठ्ठावीस पीस अनोळखी हातांत गेले पाहिजेत, तुमच्या डोळ्यांसमोर.

त्याआधी एक गोष्ट उरकून घ्या, कारण तिचा क्रम चुकला की दुरुस्ती होत नाही. अनेक देशांत असा नियम आहे की पेटंटचा अर्ज करण्याआधी वस्तू जाहीरपणे दाखवली किंवा विकली, की तिचं नावीन्य संपलं. अमेरिकेत एक वर्षाची सवलत मिळते, पण सगळीकडे तशी मिळत नाही. तुम्ही बारा पीस दिलेलेच आहेत, तेव्हा या कामातल्या जाणकाराशी तासभर बोलून घ्या आणि ते बारा पीस कोणाला, कधी दिले हे त्यांना सांगा. मोठी आशा मात्र ठेवू नका. दांडा ढकलला की पट्टा आवळतो हे तत्त्व जुनं आहे. गाडीचा ऑइल फिल्टर काढायला मेकॅनिक असाच पट्ट्याचा पाना वापरतात. तत्त्वावर हक्क मिळणं अवघड दिसतं. वस्तूच्या आकाराची, रूपाची नोंदणी करता येते, ती बहुतेक ठिकाणी पेटंटपेक्षा कमी खर्चाची असते. जाणकाराला तेही विचारा. तुमच्या मिस्टरांची काळजी खरी आहे, पण ज्या वस्तूला अजून एकही अनोळखी गिऱ्हाईक मिळालेलं नाही, तिची नक्कल करायला कोणी पैसे घालत नाही. नक्कल होईल ती विक्री दिसू लागल्यावर, आणि तोवर तुम्हाला गिऱ्हाइकाबद्दल जे कळलेलं असेल ते नक्कल करणाऱ्याला ठाऊक नसेल.

आता अनोळखी हात शोधायचे कुठे? जिथे बोटं दुखतात तिथे. फिजिओथेरपिस्टकडे येणारी माणसं, हातांच्या दुखण्यावर काम करणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, संधिवात असलेल्यांचे मदत गट, वृद्धांची निवासस्थानं, हाताचं ऑपरेशन होऊन घरी आलेली माणसं. त्यातही ऑक्युपेशनल थेरपिस्टला आधी गाठा. रोजची कामं माणसाला पुन्हा स्वतःची स्वतः करता यावीत हाच त्यांचा व्यवसाय असतो. कोणती साधनं चालतात, कोणती कपाटात पडून राहतात हे त्यांना जेवढं माहीत असतं तेवढं कोणत्याही मार्केटिंगवाल्याला नसतं. त्यांच्याकडे वस्तू खपवायला जाऊ नका. "मी हे केलं आहे, यात काय चुकलं आहे ते सांगाल का?" असं विचारा. या प्रश्नाला माणसं वेळ देतात.

जाताना पिशवीत तीन गोष्टी न्या. कारखान्यातून सीलबंद आलेली, अजून न उघडलेली बरणी. कडेला चिकट होऊन बसलेलं झाकण असलेली बरणी. आणि लहान झाकणाची बाटली. तिन्हींची अडचण वेगवेगळी असते. सीलबंद बरणीच्या आत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो, म्हणून झाकण आत ओढलं जाऊन घट्ट बसतं. तो दाब सुटताना टक असा आवाज येतो, तोपर्यंतच सगळा जोर लागतो. चिकटलेल्या झाकणाला पूर्ण फेरा होईपर्यंत जोर लागत राहतो. आणि लहान झाकणावर रुंद पट्टा नीट बसतच नाही. तुमची पकड तिन्हींवर सारखी चालते का, की एकीवर उत्तम आणि दुसरीवर जेमतेम, हे तुमच्या पत्रात नाही. माझा अंदाज आहे की तुम्ही घरातल्या बरण्यांवरच पाहिलं असेल. घरातल्या बरण्या तुम्हीच आधी एकदा उघडलेल्या असतात.

आणखी एक करा, थोडे पैसे यात जरूर घाला. बाजारात झाकण उघडायची साधनं आधीपासून आहेत. रबराच्या चकत्या आहेत, दातेरी पकडी आहेत, दाब सोडवणारे छोटे चमचेवजा ओपनर आहेत, बॅटरीवर चालणारेही आहेत. त्यातली तीन-चार विकत आणा आणि टेबलावर तुमच्या पकडीशेजारी मांडून ठेवा. कोणती तुमची ते सांगू नका. समोरच्या माणसाने आधी कशाला हात घातला, शेवटी कोणती उचलली, हे बघा. तुमच्या पकडीची खरी ताकद अशी वाटते की तिला चिमूट लागत नाही. दांडा लांब असल्यामुळे तेवढंच झाकण कमी जोरात फिरतं, आणि जोर तळहातातून येतो. हे समोरच्याला न सांगता जाणवलं तर तुमच्या हाती काहीतरी आहे. सांगावं लागलं तर दांड्याचा आकार बदलायचा आहे.

बघताना बोलू नका. हे सगळ्यात अवघड जातं, मी आजही चुकते. समोरचा माणूस पट्टा उलटा बसवतो तेव्हा आपला हात आपोआप पुढे जातो. तो मागे घ्या. पट्टा उलटा बसला तर दोष त्या माणसाचा नाही, पट्ट्यावर बाण नाही हा आहे. दुसरा हातही बघत राहा. उजवा हात दांडा ढकलतो तेव्हा डाव्या हाताने बरणी धरून ठेवावी लागते, आणि संधिवात बहुधा दोन्ही हातांना असतो. बरणी टेबलावर गरकन फिरत असेल तर तुमची पकड अर्धंच काम करते. मग कदाचित खाली ठेवायला एक घट्ट रबरी चकती सोबत द्यावी लागेल. असेल किंवा नसेल, तुम्हाला दहा माणसांत कळेल.

या सगळ्या भेटींत पीस फुकट देऊ नका. इथे तुम्हाला कोणीतरी सँपल वाटायचा सल्ला देईल, आणि त्याच्या बाजूने एक प्रसिद्ध उदाहरणही आहे. थ्रीएम कंपनीने चिकटवायच्या चिठ्ठ्या १९७७ मध्ये चार शहरांत विकून पाहिल्या, लोकांनी फारसं लक्ष दिलं नाही. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या बॉइसी शहरात त्यांनी त्या फुकट वाटल्या, आणि वापरून पाहिलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त लोक म्हणाले की आम्ही विकत घेऊ. १९८० मध्ये त्याच चिठ्ठ्या पोस्ट-इट या नावाने अमेरिकाभर बाजारात आल्या. पण चिठ्ठ्या संपतात. फुकटची गड्डी संपली की माणूस दुकानात जातो. तुमची पकड वर्षानुवर्षं टिकणार. फुकट दिलेल्या पकडीमागून दुसरी विक्री येत नाही, गिऱ्हाईक मात्र कमी होतं. तुम्हाला उपयोगाचं उदाहरण टपरवेअरचं आहे. प्लास्टिकचे ते डबे १९४६ मध्ये आले तेव्हा दुकानांतून फारसे खपले नाहीत, कारण हवाबंद झाकण कसं लावायचं हे लोकांना नुसतं बघून कळत नव्हतं. घरोघरी चार बायका जमवून, डबा हातात घेऊन दाखवायला सुरुवात झाली तेव्हा ते खपू लागले. ब्राउनी वाइज ही बाई त्यात इतकी पुढे गेली की १९५१ मध्ये कंपनीने तिला उपाध्यक्ष केलं आणि डबे दुकानांतून काढूनच घेतले. तुमची पकडही दाखवायची वस्तू आहे. भाचा म्हणतो तो समारंभ, आणि तुम्हाला हवा तो समारंभ, यात फरक एवढाच की दुसऱ्यात सहा माणसं, एक टेबल आणि एक न उघडणारी बरणी असते.

वापरून झाल्यावर किंमत सांगा आणि गप्प बसा. घेतली तर लिहून ठेवा. नाही घेतली तर "काय असतं तर घेतली असती?" एवढंच विचारा. "अशी वस्तू निघाली तर घ्याल का?" हा प्रश्न कधीही विचारू नका. त्याला सगळे हो म्हणतात.

किंमत ठरवताना खालून वर चढू नका, वरून खाली या. विक्रीची किंमत १०० धरा. पुढे दुकानातून विकायचं ठरलं तर दुकानदार त्यातले ४० ते ५० ठेवून घेतो, अनेक धंद्यांत हे रूढ आहे. उरलेल्या ५०-६० मधून पीसचा खर्च, खोका, पोहोचवणं, मोडलेला पीस बदलून देणं, कर, आणि तुमच्या संध्याकाळचं काहीतरी मोल निघायला हवं. म्हणून पीस तयार होऊन खोक्यात बसेपर्यंतचा खर्च २५-३० च्या वर गेला, तर दुकानामार्फत विकण्यात राम नाही. थ्रीडी प्रिंटचा पीस यात बसणार नाही हे मी न बघताही सांगते. त्यामुळे सध्या विक्री थेट, तुमच्या हातून. दुकानदाराचा वाटा सध्या प्रिंटच्या खर्चात जाईल, आणि ते ठीक आहे. पहिले शंभर पीस नफ्यासाठी विकायचे नाहीत, पण तोट्यातही विकायचे नाहीत. कृपा करून "सुरुवातीची म्हणून स्वस्त" असं करू नका. ज्या किमतीला पुढे विकायचं आहे त्याच किमतीला अनोळखी माणूस घेतो का, हेच तर तपासायचं आहे.

मोल्डचं मैत्रिणीला असं समजावा. मोल्डचा एकूण खर्च घ्या, मोल्डमुळे एका पीसमागे जेवढं वाचतं त्याने भागा. येणारा आकडा म्हणजे किती पीस विकल्यावर मोल्ड फिटतो. त्या आकड्याच्या निदान तिसऱ्या हिश्श्याएवढ्या ऑर्डर हातात असल्याशिवाय मोल्डला हात लावू नका. हा तिसरा हिस्सा कुठल्या पुस्तकातला नाही, माझ्या अनुभवाचा आहे. मधली पायरीही आहे. सिलिकॉनच्या साच्यात राळ ओतून पीस काढता येतात, एका साच्यातून साधारण वीस-पंचवीस निघतात, मग साचा झिजतो. पीस महाग पडतो, पण चूक सापडली तर फार बुडत नाही. पोलादी मोल्डचं तसं नसतं. त्यातलं पोलाद खरवडून काढणं सोपं, परत भरणं फार कठीण. म्हणजे पीस नंतर जाड करता येतो, बारीक करता येत नाही. दांड्याची जाडी अजून नक्की नसताना मोल्ड करणं म्हणजे माझे हजार खोके, फक्त पोलादाचे.

मोल्डचे पैसे आगाऊ ऑर्डरमधून उभे करायचा मार्ग चांगला आहे, पण नंतरचा. किकस्टार्टर ही वेबसाइट २००९ पासून याच कामासाठी आहे. तिथे ठरवलेली रक्कम पूर्ण जमली तरच पैसे मिळतात, नाहीतर कोणाचेच कापले जात नाहीत. हा नियम मला न्यायाचा वाटतो. धोका पैसे जमल्यानंतर सुरू होतो. कूलेस्ट कूलर नावाच्या शीतपेटीला २०१४ मध्ये तिथे ६२ हजारांहून जास्त लोकांनी मिळून १ कोटी ३० लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली. पेटी बनवायचा खर्च अंदाजापेक्षा बराच जास्त निघाला. हजारो लोकांना पेटी मिळालीच नाही आणि २०१९ मध्ये कंपनी बंद झाली. एवढे पैसे मिळूनही. लोकांचे पैसे आगाऊ घ्यायचे तर आधी निदान पन्नास पीस स्वतः बनवून, खोक्यात भरून, पाठवून, त्यातला एखादा परत आलेला बघून मगच घ्या.

शब्दांबद्दल दोन गोष्टी. "दुखणं कमी करते", "संधिवातावर उपयुक्त" असं कुठेही लिहू नका. तो औषधी दावा होतो, त्याचे नियम वेगळे आणि कडक असतात, आणि ते खरंही नाही. "बोटांनी न आवळता झाकण उघडा" एवढं खरं आहे आणि पुरेसं आहे. दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. पहिली गिऱ्हाइकं दुखऱ्या हातांची असतील, पण वस्तूवर आजाराचा शिक्का नको. सॅम फार्बर या उद्योजकाच्या पत्नीला, बेट्सीला, हातांचा संधिवात होता. नेहमीचा पीलर तिला धरवत नसे. त्यातून जाड, मऊ मुठीची स्वयंपाकघरातली साधनं तयार झाली आणि ऑक्सो गुड ग्रिप्स या नावाने १९९० मध्ये बाजारात आली. ती रुग्णांची साधनं म्हणून विकली नाहीत, सगळ्यांसाठीची चांगली साधनं म्हणून विकली. ज्यांची बोटं ठणठणीत आहेत तेही ती घेतात. तुमच्या आईला तिच्या ओट्यावर औषधाच्या दुकानातली वाटेल अशी वस्तू ठेवायला आवडेल का, याचा विचार करा. रंग आणि खोका त्यावरून ठरवा.

आता भाच्याचं काम. फोनवर वीस सेकंदांचा व्हिडिओ. चेहरा नको, संगीत नको. म्हातारे हात, सीलबंद बरणी, आधी नुसत्या हातांनी केलेला प्रयत्न, मग पकड, मग तो टक आवाज. तो आवाज स्पष्ट ऐकू आला पाहिजे, त्यासाठी खोलीतला पंखा बंद ठेवायला सांगा. ज्यांच्या हातांचं चित्रण कराल त्यांची परवानगी घ्या. हा व्हिडिओ ज्यांनी विकत घेतली त्यांना पाठवा आणि म्हणा, "अशी अडचण असलेलं कोणी ओळखीचं असेल तर त्यांना दाखवा." प्रसिद्ध चेहऱ्याला पैसे देऊन जे मिळणार नाही ते इथे मिळेल, कारण पाठवणाऱ्या व्यक्तीने पकड स्वतः वापरलेली असेल.

दुकानांकडे वळाल तेव्हा, मोल्ड झाल्यावर, सारा ब्लेकलीचं आठवा. फॅक्स मशीन विकण्याची नोकरी करत तिने साठवलेल्या ५००० डॉलरमधून स्पँक्स तयार केलं, म्हणजे कपड्यांखाली घालायचं, अंगाला नीट आकार देणारं घट्ट अंतर्वस्त्र. निमन मार्कस या मोठ्या दुकानसाखळीच्या खरेदी करणाऱ्या बाईसमोर तिने भाषण केलं नाही. ती त्या बाईला स्वच्छतागृहात घेऊन गेली आणि तीच पँट स्पँक्सशिवाय आणि स्पँक्स घालून कशी दिसते ते दाखवलं. ऑर्डर मिळाली. मग जाहिरातीला पैसे नव्हते म्हणून दुकानांत स्वतः उभी राहून गिऱ्हाइकांना दाखवत राहिली. तुम्हीही दुकानदाराला माहितीपत्रक देऊ नका. त्याच्या गल्ल्याजवळ एक सीलबंद बरणी आणि एक पकड ठेवा आणि म्हणा, उघडून बघा. विक्री झाल्यावर पैसे, या बोलीवर सहा पीस ठेवा, जास्त नाही. तारीख आणि संख्या वहीत लिहून त्याची सही घ्या. ही वही ठेवली नाही तर पीस कुठे गेले ते सहा महिन्यांनी दोघांनाही आठवत नाही.

आणि आता पत्रातलं ते वाक्य, जे वाचून मी थांबले. "आई मात्र अजून दुसरंच मॉडेल वापरते, तिला त्याची सवय झाली आहे." सवय हे कारण तुम्ही लिहिलं आहे, आईने सांगितलेलं नाही. जिच्यासाठी हे सगळं सुरू झालं, ती बाई तिसरं आणि चौथं मॉडेल हाताशी असताना दुसरं उचलते. दुसऱ्याचा दांडा जाड होता का? वजन कमी होतं? पट्टा सैल होऊन लवकर सुटत होता? की चौथं इतकं चकचकीत झालं आहे की ओल्या हातातून निसटतं? अनोळखी लोकांकडे जाण्याआधी एका निवांत संध्याकाळी दोन्ही मॉडेल आणि न उघडलेली बरणी आईसमोर ठेवा. काही विचारू नका, शेजारी बसा आणि तिच्या हातांकडे बघा. ती दुसऱ्या मॉडेलकडे वळली की मग विचारा, आई, हेच का?

ती काय म्हणाली ते मला जरूर कळवा.